ती मस्टरं रद्दीत घालू नका : कोल्हापुरात जुनं दप्तर सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या जुन्या संस्थांचे विश्वस्त, चेअरमन, संचालक, सचिव, मुख्याध्यापक आणि ज्यांच्या कपाटात, तळघरात किंवा माळ्यावर जुनं दप्तर आहे असे सर्वजण यांस,

विषय : जुनी हजेरीपत्रकं, पगारपत्रकं आणि रजिस्टरं यादी न करता रद्दीत न विकण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे, शुक्रवार पेठेत राहते. गेल्या महिन्यात शहरातल्या एका जुन्या संस्थेच्या फलकावर नोटीस वाचली. माळ्यावरचं ‘कालबाह्य व निरुपयोगी दप्तर’ निर्लेखित करून विकायचं आहे, इच्छुकांनी किलोचा दर कळवावा, असं त्यात लिहिलं होतं. किती गठ्ठे, कुठल्या सालापासूनचे, त्यांत काय आहे, यातलं काहीच नव्हतं. ‘अंदाजे वजन’ असा एक रकाना होता आणि तोही कोरा होता.

त्या संस्थेचं नाव मी इथं घेत नाही, कारण हे तिथंच घडतं असं नाही. तीस वर्षं शाळांत काढली. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या साफसफाईत टेम्पोत काय काय चढतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून हे पत्र तुम्हां सगळ्यांना.

त्या माळ्यावर माझ्या आजीची हजेरी आहे.

तिला आम्ही आक्का म्हणायचो. तिचं पूर्ण नाव मी या पत्रात लिहीत नाही. ते मला तुमच्या कागदावर, तिच्या स्वतःच्या अक्षरात बघायचं आहे. एकदा बघितलं होतं, त्याचं पुढं सांगते.

आक्काचा जन्म 1922 चा. तारीख कुणालाच माहीत नाही. ती म्हणायची, “महाराज गेले तवा मी पाळन्यात हुतो.” कोल्हापुरी बाई स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलते. शाळेत मुलींना मी ‘आले, गेले’ लिहायला लावलं, पण आक्काचा ‘हुतो’ मला कधी चुकीचा वाटला नाही. महाराज म्हणजे शाहू महाराज. 6 मे 1922 ला ते मुंबईत वारले, आणि संस्थानातल्या किती घरांत त्या साली जन्मलेल्या पोरांचं वय त्यानंतर त्याच एका दिवसावरून मोजलं गेलं असेल!

महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आम्ही ते वाक्य पाठ्यपुस्तकातून शिकवतो. त्या वाक्याचा अर्थ मला 2011 साली कळला. पंचगंगेकाठच्या तिच्या माहेरच्या गावी मी शाळेचं जनरल रजिस्टर बघायला गेले होते. तिथल्या मुख्याध्यापकांनी पत्र्याच्या ट्रंकेतून लाल कापडात बांधलेला गठ्ठा काढला. आत कडुनिंबाचा पाला होता, दरवर्षी बदलतात म्हणाले. नोंदी मोडीत होत्या. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी बरोबर नेलं होतं. त्यांनी बोट ठेवून वाचलं : मुलीचं नाव, बापाचं नाव, जात, धंदा शेती, जन्म ‘अंदाजे’, इयत्ता तिसरी. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण, ‘लग्न’. वय वर्षं अकरा.

त्या मुख्याध्यापकांना हे पत्र लागू नाही. त्यांच्यामुळं माझ्या आजीच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातली एक ओळ कागदावर उरली.

लग्न होऊन ती वळिवड्याजवळ आली. दोन म्हशी आणि दुसऱ्याच्या रानात भांगलण. 1942 साली भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याची विटंबना केली, पुढं तो पुतळा फोडला गेला आणि त्या जागी 1945 साली शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. या दोघी बायकांची नावं कोल्हापूरनं जपली, जपायलाच हवीत. आक्का तेव्हा वीस वर्षांची होती. शहरात काय झालं ते तिला चार दिवसांनी बाजारात कळलं.

पण 1943 साली इतिहास स्वतःच चालत तिच्या दारात आला. वळिवड्याच्या माळावर पोलंडच्या निर्वासितांची छावणी बसली. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. कौलारू बरॅकी, शाळा, चर्च, दवाखाना. आक्का रोज पहाटे दुधाची चरवी आणि पाटीत अंडी घेऊन तिथं जायची. दुधाला ‘म्लेको’ आणि अंड्यांना ‘यायका’ म्हणतात हे ती मला लहानपणी शिकवायची. हे शब्द पोलिश आहेत हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. मला वाटायचं, हे आक्काचेच शब्द.

ती माणसं इथं का आली, असं विचारलं तर ती सांगायची, “तेंच्या मुलकात लई थंडी. म्हून आली बिचारी.” खरं कारण मी मोठेपणी वाचलं. 1939 साली जर्मनी आणि रशिया या दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या कुटुंबांना 1940 पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडं नेलं. 1941 साली जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली. मग इराणमार्गे त्यांतली काहीजणं हिंदुस्थानात पोचली. थंडीचं आक्काचं उत्तर तसं अगदीच चुकीचं नव्हतं. तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक बाईचं एक मूल त्या थंडीतच गेलं होतं. खुणांनी, हात छातीशी धरून, त्या बाईनं ते तिला सांगितलं होतं. आक्काचंही पहिलं मूल गेलेलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या बाईनं तिला क्रोशाची पांढरी जाळी विणून दिली. ती माझ्याकडं आहे. आक्कानं ती वर्षानुवर्षं देवघरातल्या कोनाड्यावर टाकली होती.

1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. त्याच बरॅकींत फाळणीनं घर सुटलेली सिंधी कुटुंबं आली आणि त्याचं गांधीनगर झालं. आज कापड खरेदीला तिथं अख्खा जिल्हा जातो. आक्काचा रस्ता बदलला नाही. ज्या ओट्यावर ती पोलिश बाईच्या भांड्यात दूध ओतायची, त्याच ओट्यावर सिंधी बाईच्या भांड्यात ओतू लागली. दुसरं महायुद्ध आणि देशाची फाळणी माझ्या आजीनं एका ओट्यावर, एकाच मापानं मोजली. तिला कुणी कधी त्याबद्दल विचारलं नाही, मीसुद्धा वेळेवर विचारलं नाही.

गांधीजींच्या खुनानंतर शहरात जाळपोळ झाली. ब्राह्मणांची घरं जळली, जयप्रभा स्टुडिओ जळला. आक्काला लांबून धूर दिसला. शहरातल्या ज्या वाड्यात ती दूध घालायची तो वाडाही जळाला. त्या घरातली माणसं दोन गल्ल्या सोडून एका तेल्याच्या घरी आसऱ्याला होती. आक्का दुसऱ्या दिवशी चरवी घेऊन तिथं गेली. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याबद्दल तिची एवढीच आठवण : “राजाचं गेलं, मामलेदार त्योच ऱ्हायला.”

आजोबांना 1952 च्या सुमारास शाहू मिलमध्ये काम लागलं आणि घर शहरात आलं. पुढची पाच वर्षं त्यांचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. 1957 साली आजोबा गेले. पदरात तीन मुलं. 1958 मध्ये आक्का, जिच्या फलकावर मी ती नोटीस वाचली, त्याच संस्थेच्या गोदामात कामाला लागली. शेंगा निवडायच्या, पोत्यांची तोंडं दाभण-सुतळीनं शिवायची, झाडलोट करायची. 1980 पर्यंत, बावीस वर्षं.

आता माझ्या तक्रारी सांगते. कुणावर राग काढायचा म्हणून सांगत नाही. आज त्या खुर्चीत बसलेले तुम्ही तेव्हा तिथं नव्हता, हेही मला माहीत आहे.

पहिली तक्रार हिशेबाची. आक्का काम सोडून घरी बसली तेव्हा 1972 चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होता. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. बावीस वर्षांचे होतात 330 दिवस. तिला मिळाले 135 दिवसांचे, म्हणजे नऊ वर्षांचे. कारण तोंडी सांगितलं गेलं : 1971 च्या आधीची मस्टरं सापडत नाहीत, त्यामुळं त्याआधीची सेवा धरता येत नाही. 195 दिवसांच्या पगाराचा प्रश्न होता. आक्का दोनदा जाऊन आली, तिसऱ्यांदा गेली नाही. “कागुद न्हाई म्हनत्यात, मग आपुन काय बोलायचं,” असं म्हणाली. 2006 साली ती गेली.

2018 साली मी दुसऱ्याच कामासाठी त्या संस्थेत गेले होते. तळमजल्यावरच्या एका खोलीचं दार उघडं होतं. आत घडवंचीवर बांधीव मस्टरं रचलेली होती. पाठीवर साल रंगवलेलं : 1956, 57, 58. मी तिथल्या क्लार्कना विनंती केली. भला माणूस. अर्धा तास बसू दिलं त्यांनी. 1958 च्या मस्टरमध्ये जूनपासून तिचं नाव होतं. पगाराच्या पानावर एकाखाली एक अंगठे, काळसर निळे, काही पुसट, काही पुन्हा उठवलेले. त्या अंगठ्यांच्या मधोमध एक सही. वाकडी, ओळीच्या खाली घसरलेली, पण सही. तीन इयत्ता शिकलेल्या मुलीची. पुढं 1959, 60, 61, दर महिन्याला ती सही आहे. 1964 पर्यंतची मस्टरं त्या खोलीत होती. त्यापुढची माळ्यावर आहेत, असं त्या क्लार्कनी सांगितलं.

म्हणजे ‘सापडत नाहीत’ म्हणून सांगितलेली मस्टरं अडतीस वर्षं घडवंचीवर होती. त्यांवर साल रंगवलेलं होतं. शोधायला कुणी खोलीत गेलं नव्हतं.

दुसरी तक्रार. मी फोटो काढायची परवानगी मागितली. लेखी अर्ज करा म्हणाले. सप्टेंबर 2018 पासून मी तीन अर्ज दिले, पोच घेतली, तिन्ही पोच माझ्याकडं आहेत. उत्तर आलं नाही. नाही म्हणायला एक ओळ पुरली असती. एका पानाचा फोटो काढल्यानं संस्थेचं काय नुकसान झालं असतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी, आणि ती बहुतेक सर्वांना लागू आहे. ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची पातळी 43 फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. 1989 पाहिलेलं, 2005 पाहिलेलं हे शहर. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण सगळे मोटारी आणि फ्रीज वर उचलतो. दप्तर कुणी उचललं? ती खोली पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर आठवड्यानं मी गेले तेव्हा मस्टरं अंगणात उन्हात पसरलेली होती. पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी घट्ट झालेली, शाई वाहून गेलेली, वर हिरवी बुरशी. पुढच्या महिन्यात ती ओल्या रद्दीच्या भावानं गेली. 1958 चं पान त्यात गेलं. 2021 च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला आणि अशा किती खोल्या पुन्हा बुडाल्या असतील!

पुरात भिजलेला कागद लगेच मेलेला नसतो. त्याला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेवढाच अवधी असतो. पानं ओढून सोडवायची नाहीत आणि उन्हात टाकायची नाहीत. सावलीत, पंख्याखाली, मधेमधे टिपकागद किंवा कोरा कागद घालून तो बदलत राहायचा. गठ्ठे जास्त असतील आणि हात कमी, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून शीतगृहात गोठवून ठेवायचे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि नंतर सवडीनं तो वाळवता येतो. आपल्या जिल्ह्यात शीतगृहं आहेत, हात आहेत, तालीम मंडळांची पोरं आहेत. त्यांनी 2019 मध्ये माणसं आणि जनावरं काढली. कुणी हाक मारली असती तर गठ्ठेही काढले असते.

चौथी तक्रार ‘निरुपयोगी’ या शब्दाबद्दल. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू ठेवल्या आहेत. रोमन घडणीची समुद्रदेव पॉसिडॉनची कांस्यमूर्ती बघायला लोक लांबून येतात. पण त्याच टेकाडातून मातीची भांडी आणि मणीही निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी राहणाऱ्या कुणा बाईच्या घरातलं ते सामान. तिचं फुटकं मडकं आपण जपतो आणि ते योग्यच करतो. त्याच नदीकाठी राबलेल्या माझ्या आजीची सही मात्र साठ वर्षांत निरुपयोगी झाली?

हा प्रश्न भावनेचा वाटत असेल तर दुसरं उदाहरण घ्या. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि गावोगाव एकच धांदल उडाली. शाळांची प्रवेश रजिस्टरं, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, कोतवाल बुकं. काल उंदीर कुरतडत होते त्या गठ्ठ्यांपुढं रांगा लागल्या. मोडी वाचणाऱ्या माणसाला रात्री अकरा वाजता फोन येऊ लागले. ज्यांच्या गावचं रजिस्टर टिकलं त्यांना दाखला मिळाला. ज्यांचं रद्दीत गेलं ते हात हलवत परत गेले. ते रजिस्टर ज्या दिवशी रद्दीत काढलं, त्या दिवशी त्यावरही ‘निरुपयोगी’ असंच लिहिलं गेलं असणार. कुठला कागद उद्या कुणाच्या उपयोगी पडेल, हे आज चेअरमनसाहेबांना कसं ठरवता येईल? मला तरी येत नाही.

पाचवी तक्रार लहान आहे, पण बोलून टाकते. 6 मे 2022 ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सारं कोल्हापूर 100 सेकंद स्तब्ध उभं राहिलं. मीही उभी होते, आणि आक्काही तेव्हा शंभरीची झाली असती. मागासलेल्या जातींसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखणारा 26 जुलै 1902 चा हुकूम आपण अभिमानानं सांगतो. तो करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापला गेला आणि ते गॅझेट कुणीतरी टिकवलं, म्हणून तारखेसकट सांगता येतो. हुकूम काढणाऱ्याचा कागद आपण ठेवला. त्या राज्यात शाळेत गेलेल्या, पुढं पोती शिवलेल्या बाईचा कागद ठेवत नाही. मग महाराजांनी केलं ते कुणासाठी केलं, आणि ते पोचलं कुठवर, हे पुढच्या माणसानं कशावरून बघायचं?

पोलिश लोकांचं मला फार वाटतं. पाच वर्षं पाहुणे म्हणून राहिलेली ती माणसं जगभर पांगली, तरी त्यांनी संघटना केली, आठवणी आणि फोटो जमवून जाडजूड ग्रंथ केला. म्हातारपणी इथं येऊन आपली बरॅक कुठं होती ते बोटानं दाखवलं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली तेव्हा टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलं. मी पडद्याजवळ जाऊन बसले होते. त्या छावणीच्या फाटकाशी रोज पहाटे दूध घेऊन उभ्या असलेल्या आमच्या बायका किती होत्या, कुठल्या गावच्या होत्या, हे मात्र कुठंही लिहिलेलं नाही. त्यांच्यातली आता कुणी उरलेली नाही.

म्हणून मागण्या. त्या साध्या आहेत आणि बहुतेकींना पैसे लागत नाहीत.

यादी केल्याशिवाय एकही गठ्ठा विकू नका. साल, प्रकार, गठ्ठ्यांची संख्या, एवढी एक पानी यादी करा आणि ती फलकावर व वर्तमानपत्रात द्या. दोन महिने थांबा. त्या काळात आपल्या शहरातल्या पुराभिलेखागाराला, शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला आणि तुमच्याच जुन्या कामगारांच्या घरच्यांना तो गठ्ठा बघू द्या. तुम्हाला नको असेल तर त्यांतल्या कुणाला हवा का ते विचारा.

सरकारी दप्तरासाठी महाराष्ट्रात 2005 चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे. कार्यालयांत अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात, त्यातला ‘अ’ म्हणजे कायमचा. तुमच्यापैकी पुष्कळ संस्था खासगी किंवा सहकारी आहेत, त्यांच्यावर ते बंधन नसेलही. पण वर्गवारीची पद्धत उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. हजेरी, पगारपत्रक, प्रवेश रजिस्टर आणि सभासद नोंदवही यांना ‘अ’ मध्ये घाला. व्हाउचरं आणि चहाची बिलं खुशाल काढा.

मृग निघायच्या आत तळमजल्यावरचं दप्तर वरच्या मजल्यावर न्या. हे यंदाच करा, ठरावाची वाट बघू नका.

घरच्या माणसाला आपल्या माणसाची नोंद बघायची असेल तर महिन्यातून एक दिवस, दोन तास ठेवा. मोबाइलनं फोटो काढू द्या. दुसऱ्या कुणाची खासगी माहिती त्यात असेल तर तो भाग झाकून दाखवा, आमची हरकत नाही. अर्जाला उत्तर द्या. ‘नाही’ असलं तरी द्या.

मोडीतले गठ्ठे वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. मोडी शिकलेली तरुण मुलं-मुली आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांना चहा आणि बसायला खुर्ची दिली तरी ती येतात, हा माझा अनुभव आहे.

आणि ज्या संस्थेच्या फलकावर ती नोटीस लागली आहे, त्यांना माझी वेगळी विनंती. 195 दिवसांचे पैसे मी मागत नाही. ज्या बाईचे ते होते ती राहिली नाही. मला माळ्यावर चढू द्या. 1965 ते 1980 ची मस्टरं तिथं असतील तर मी स्वतः धूळ झाडून, सालाप्रमाणे लावून, यादी करून देते. माझ्याबरोबर निवृत्त शिक्षकांपैकी चौघी यायला तयार आहेत. मजुरी नको. कापड आम्ही आणू, गठ्ठे शिवायला आक्काचं दाभण अजून घरात आहे.

त्यातलं एक मस्टर मला आधी उघडायचं आहे. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या गल्लीतली सगळी माणसं अंथरुणासकट रस्त्यावर आली. आक्का शेवटपर्यंत सांगत राहिली, “भुकंपाच्या दिशीबी मी कामाला गेलतो.” माझे काका म्हणतात, त्या दिवशी कोल्हापुरात कोण कामावर गेलं असेल, म्हातारीला आठवत नव्हतं. घरात हा वाद तीस वर्षं चालला. डिसेंबरच्या पानावर, तिच्या नावापुढं, 11 चा रकाना असेल. त्यात ‘ह’ असेल नाहीतर ‘गै’ असेल.

कधी येऊ, तेवढं कळवा.

आपली,
एक नात
शुक्रवार पेठ, कोल्हापूर